फौजदाराचं वजन

अमळनेरच्या बाजार समितीच्या आवारात झुलाल आबा मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन बघायचं आणि खड्या आवाजात पुकारायचं, हे त्यांचं काम. एका बाजूला व्यापारी, दुसऱ्या बाजूला शेतकरी, दोघांचे कान आबांच्या तोंडाकडे. सव्वीस वर्षांत आबांनी पुकारलेलं वजन पुन्हा मोजा, असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आबांना याचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. आवारात त्यांचा शब्द शेवटचा. घरात मात्र हुकूम चालायचा तो फौजदाराचा.

फौजदार म्हणजे बोका. आबांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, त्याचं नाव ठेवलं ते मिशांवरून. तपकिरी अंग, भलं मोठं डोकं, आणि उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला असा न्याहाळायचा की पाहुणासुद्धा चपला नीट ओळीत काढून ठेवी. आबांचं आणि त्याचं फारसं सख्य नव्हतं. एका घरात दोन अंमलदार म्हटल्यावर व्हायचंच तसं. तो मंजुळाबाईंचा होता आणि ते त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर धुळ्याहून, देवपुरातून, लेकीचं पत्र आलं. पुष्पाचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. रीतीप्रमाणे लेकीनं माहेरी यायचं. पण डॉक्टरांनी तिला एसटीच्या धक्क्यांची सक्त मनाई केलेली, आणि तिच्या सासूबाई पाय मोडून प्लास्टरमध्ये. तेव्हा माहेरच उठून लेकीकडे निघालं. बाळंतपणाआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचा सव्वा महिना, म्हणजे पावणेदोन-दोन महिने मंजुळाबाई घरात नसणार होत्या.

बसस्टँडवर खिडकीतून त्यांनी आबांना बजावलं, "फौजदारले उपाशी ठेवानं नही. दूध-भाकर वखतवर. आन दर आठवडाले त्यानी तब्येत माले कळाडा."

"जाय तू. आठे बठ्ठं ठीक शे," आबा म्हणाले.

गाडी हलली. मंजुळाबाई आणखी काहीतरी म्हणाल्या, पण ते इंजिनाच्या घरघरीत गेलं. आबांनी मात्र समजल्यासारखी मान हलवली. नवऱ्यांना ही सवय असतेच.

पहिल्याच दिवशी फौजदारानं दुधाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आबांनी साय घालून पाहिली, तर गडी उठून शेजारच्या भिंतीवर जाऊन बसला आणि बसस्टँडच्या दिशेनं बघत राहिला. बायकोनं आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली आणि ती तीन दिवसांत वाळायला लागली, हे धुळ्याला कळवायचं तरी कसं?

शेजारच्या भिकुबाई दोन्ही वेळा आबांच्या भाकरी आणि कालवण पाठवायच्या. त्यांनी भिंतीपलीकडून उपाय सांगितला. "आबा, तो वहिनीसंगे जेवस. तुमनं जेवन व्हयनं का मंग वहिनी बसे, आन तिना ताटमाथीन तो खाये. एकला कशा खाई तो?"

आबांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांचं जेवण झालं की ते हात धुऊन बाहेर ओट्यावर सुपारी कातरत बसत. आत त्यानंतर काय चालतं, हे पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते आपला पाट सोडून चुलीमागे, मंजुळाबाईंच्या जागेवर ताट घेऊन बसले. तिथून आबांचा रिकामा पाट अगदी समोर दिसत होता, आणि बाकी फारसं काही दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं ही बाई इथून आपल्याला जेवताना बघत आली, आणि आपण हिला एकदाही जेवताना बघितलं नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. घास तोंडातच फिरत राहिला. तेवढ्यात फौजदार भिंतीवरून उतरला, मांडीला अंग घासून ताटासमोर बसला आणि भरताच्या वांग्यावर त्यानं पंजा ठेवला.

"खाय बा, खाय," आबा म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला की अर्धी भाकरी त्यांनी तुपात कुस्करून त्यालाच घातली.

आता तब्येत कळवायची म्हणजे नेमकी कळवायला हवी. 'बरा आहे' असं मोघम लिहिणं मापाड्याला शोभत नाही. सोमवारी आबांनी फौजदाराला पिशवीत घालून आवारात आणलं आणि काट्याच्या फळीवर ठेवलं. फौजदार एका उडीत भुईमुगाच्या ढिगावर. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढिगावर. हमाल लोक कामं टाकून बघायला जमले. शेवटी आबांनी त्याला छातीशी धरलं आणि स्वतःच फळीवर उभे राहिले. गिरधर हमालानं दांडीवरचं वजन सरकवलं. एकोणसत्तर किलो. त्याआधी आबांनी नुसतं स्वतःला मोजून घेतलं होतं, ते चौसष्ट. म्हणजे फौजदार पाच.

"पाच किलो!" आबांनी पुकारलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

आता इथं आवारातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. माल गोणीत भरून काट्यावर येतो. गोणीचं वजन, म्हणजे बारदान, वजा करावं लागतं. प्रत्येक गोणी रिकामी करून कोण मोजणार? म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर एक रिकामं बारदान मोजायचं, आणि तेच पुढे प्रत्येक गोणीमागे धरायचं. मधेच त्यात फेरफार करायचा नाही. केला की मापाड्यानं हात मारला म्हणून समजा. आबांनी सव्वीस वर्षांत बारदान कधी बदललं नव्हतं. त्यांनी आपले चौसष्ट किलो बारदान म्हणून धरले आणि विषय मिटवला.

पहिलं कार्ड धुळ्याला गेलं: 'फौजदार ५ किलो. इकडे ठीक.'

दुसऱ्या सोमवारी दांडी साडेअडुसष्टवर थांबली. फौजदार साडेचार! आबांनी डोळे चोळले. गडी तर आठवडाभर चांगला जेवत होता. नुसता जेवत नव्हता, त्याला नवे नवे डोहाळे लागले होते. आधी दूध-भाकरीशिवाय कशाला न शिवणारा बोका आता भरीत चाटायचा, शेव मागायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा पंजानं ओढून घ्यायचा. इतकं खाऊन वजन उतरतंय म्हणजे पोटात काहीतरी बिघाड आहे, असं आबांनी ठरवलं. त्यांनी त्याला अर्धी भाकरी जास्त सुरू केली. ही अर्धी भाकरी कुठून आली, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. भिकुबाई भाकरी मोजून पाठवायच्या.

तिसऱ्या सोमवारी चार किलो. चौथ्याला साडेतीन. दरम्यान पुष्पाला मुलगा झाला, आवारात पेढे वाटले गेले. वाटून झाल्यावर हातात उरलेला आपला पेढासुद्धा आबांनी घरी नेऊन फौजदाराला भरवला. देवपुरातून पुष्पाचं पत्र यायचं, 'आई विचारते, तुम्ही काय जेवता?' आबा उत्तरात फौजदाराचं वजन लिहायचे. त्यांच्या मते प्रश्नाचा रोख तोच होता.

गिरधर एक दिवस फौजदाराला बगलेत जेमतेम पेलत म्हणाला, "आबा, हाऊ ते मातेल शे! याले काय धाड भरनी?"

"थंडीनी लव शे ती," आबा म्हणाले. "केस फुगतस. काटा काय सांगस ते दख."

"काटा सांगस ते ठीक. पन आबा, तुमनं धोतर घट्ट बांधा. काल काट्यावर चढतांना सुटी जातं व्हतं."

आबांनी त्याला चार शब्द सुनावले आणि धोतराची गाठ आवळली. हल्ली ती रोजच आवळावी लागत होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जाऊन यायचं. पण आबांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना भाकरी गोड लागत नव्हती. चुलीमागे बसलं की समोरचा रिकामा पाट दिसायचा, मग ते ताट फौजदाराकडे सरकवायचे. धुळं काही लांब नव्हतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. पण ऐन हंगामात काटा सोडून जावयाच्या घरी बायकोला भेटायला जायचं, हे आबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बायकोवाचून करमत नाही, ही काय सांगायची गोष्ट झाली?

अडीच किलो झाले तेव्हा आबांनी जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फौजदाराचं पोट दाबलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले, आणि तो टेबलावर आडवा पसरून घुरघुरायला लागला तेव्हा हसले.

"आबा, याला एकच आजार आहे. खाणं."

"साहेब, पाचाचा अडीच झालाय. निम्मा."

"कशावर मोजलंत?"

आबा ताठ झाले. "साहेब, मी सव्वीस वर्षांपासून मापाडी आहे."

डॉक्टरांनी विषय तिथेच सोडला. मापाड्याला काट्याबद्दल विचारणं हे जावयाला पगार विचारण्यासारखं आहे, एवढी समज त्यांना होती. त्यांनी जंताची एक पुडी दिली, आणि आबा निघताना म्हणाले, "तुम्ही मात्र स्वतःला कुठंतरी दाखवून घ्या. आमच्याकडे फक्त जनावरं घेतात." आबांना ती थट्टा वाटली. ते फौजदाराला घेऊन घरी आले आणि पुडी भाकरीत घालून दिली. पुडी खाली राहिली, भाकरी गेली.

आणि मग सातवा सोमवार उजाडला. दांडी सहासष्टवर थांबली.

"दोन," गिरधर हळूच म्हणाला. आबांच्या तोंडून त्या दिवशी पुकारा निघालाच नाही.

घरी येऊन ते कार्ड पुढ्यात घेऊन बसले. फौजदार शेजारी पाय पसरून पडला होता. हा आता जातो, आबांना वाटलं. आणखी दोन-तीन सोमवार, की संपलं. मंजुळा परत येईल, उंबऱ्यात बघेल, आणि काही बोलणार नाही. ती बोलली असती तर सोसलं असतं. तिचं गप्प राहणं त्यांना आत्तापासूनच ऐकू यायला लागलं. बाळाला अजून सव्वा महिना व्हायचा होता. बाळंतिणीच्या घरात असली बातमी कशाला? पाच लिहून टाकावं. एक आकडा तर बदलायचा. कोण बघायला येतंय?

त्यांनी पेन टेकवलं. पाचाचा वळसा काढायला हात उठेना. सव्वीस वर्षं व्यापाऱ्यांनी चहा पाजले, गोड बोलून पाहिलं, डोळे वटारले, तरी या हातानं पावशेराचा फरक कधी केला नव्हता. आणि आता खोटं वजन लिहायचं ते कुणाला, तर मंजुळाला! आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लिहिलं, 'फौजदार २ किलो. मला सांभाळता आला नाही.' आणि कार्ड पेटीत टाकूनच आले, न जाणो मन फिरलं तर.

गुरुवारी दुपारी आवारात मालाची गर्दी होती. आबा फळीजवळ उभे होते. फाटकातून एक बाई कडेवर काहीतरी घेऊन लगबगीनं आत आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम. जवळ आल्यावर कळलं, मंजुळाबाई. कडेवर फौजदार. दोन वर्षांच्या पोराला घ्यावं तसा दोन्ही हातांनी पेललेला.

कार्ड बुधवारी मिळालं, रात्र कशीबशी काढली आणि सकाळच्या गाडीनं बाई निघाल्या. वाटभर रडत आल्या होत्या. घरी आल्या तर उंबऱ्यात फौजदार, दाराच्या अर्ध्या रुंदीचा.

"हाऊ दोन किलोना शे?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "मना हात तुटी गया आठे येतायेता!"

"काटा खोटा नही बोलस, पुष्पानी माय," आबा म्हणाले. इतक्या दिवसांनी ती समोर होती, पण काट्याची बाजू त्यांनी सोडली नाही. "तुना समोर मोजी देस."

त्यांनी फौजदाराला घेतलं आणि फळीवर चढले. व्यापारी, शेतकरी, हमाल, सगळे भोवती. गिरधरनं वजन सरकवलं. सहासष्ट.

"सहासष्ट. चौसष्ट बारदान वजा. दोन," आबा हताशपणे म्हणाले.

मंजुळाबाई काट्याकडे बघत नव्हत्या. त्या आबांकडे बघत होत्या. बंडीतून वर आलेली गळ्याची हाडं, खोबणीत गेलेले डोळे, कोपराजवळ अडकलेलं घड्याळ. त्या पुढे झाल्या आणि आबा फळीवर असतानाच त्यांच्या हातातून बोका काढून घेतला.

"आते मोज रे, गिरधर."

दांडी खाली आदळली. गिरधरनं वजन मागे घेतलं, आणखी मागे घेतलं, डोळे बारीक करून पाहिलं. मग त्या आवारात सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आबांशिवाय दुसऱ्या कुणीतरी पुकारा केला.

"साडे एकोनसाठ!"

मग कुणीतरी आबांना खाली उतरवलं, फौजदाराला झाकणाच्या टोपलीत घालून फळीवर ठेवलं, टोपली वजा केली, आणि गिरधर पुन्हा ओरडला, "फौजदार साडेसहा!" त्यासरशी जो हशा उसळला तो पार फाटकापर्यंत गेला. एक म्हातारा शेतकरी तर भुईमुगाच्या गोणीवर बसून डोळे पुसायला लागला.

आबा फळीशेजारी उभे होते. साडेचार किलो. सात आठवडे थोडं थोडं करून आपण घटत गेलो, आणि ते सगळं बोक्याच्या नावावर मांडत गेलो.

मंजुळाबाई हसत नव्हत्या. "मी गाडीमाथीन शेवट काय सांगं व्हतं?"

"आयकू उनं नही," आबा पुटपुटले.

"तुम्ही बी जेवत जा, आशे सांगं व्हतं!" पदरानं त्यांनी नाक पुसलं, आणि मग सगळ्यांच्या देखत, एवढ्या मोठ्या मापाड्याला म्हणाल्या, "सव्वीस वरीस व्हयी गयात माप करतांना. माल कोनता आन बारदान कोनतं, इतलं बी कळनं नही तुमले?"

आबा पुढे झाले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी टोपलीतला फौजदार स्वतःच्या कडेवर घेतला. "तू नही ते भाकर गोड लागत नही माले," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण मापाड्याचाच आवाज तो. पलीकडच्या ओळीतल्या हमालांनाही ऐकू गेला.

त्या संध्याकाळी भरीत झालं. आबांनी आपला पाट उचलून चुलीजवळ आणला आणि दोघं एका वेळी जेवायला बसले. मंजुळाबाईंना लाज वाटत होती, घास खाली जाताना त्या तोंड फिरवत होत्या. आबा मात्र निवांत बघत होते. फौजदार दोन ताटांच्या मधे बसला आणि त्याला चतकोर भाकरी मिळाली. त्यानं मिशा वाकड्या करून निषेध नोंदवला.

बाळाचा सव्वा महिना पुरा व्हायचा होता, त्यामुळे मंजुळाबाईंना परत जाणं भाग होतं. त्यांनी आबांना विचारलं नाही, सरळ त्यांचे दोन धोतरजोडे पिशवीत भरले. आबांनीही वाद घातला नाही. काटा पंधरा दिवस गिरधरकडे सोपवला आणि शनिवारच्या गाडीनं तिघं निघाली: आबा खिडकीशी, मंजुळाबाई शेजारी, आणि टोपलीतला फौजदार सबंध वाटभर धुळ्याच्या एसटीला शिव्या देत.

देवपुरात घरात पाऊल टाकलं तसं पुष्पानं बाळ आणून आबांच्या हातावर ठेवलं. दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं. जावई कौतुकानं म्हणाले, "आबा, तुम्ही तर नुसत्या हातानं सांगाल. किती भरेल?"

आबांनी बाळाला तळहातांवर किंचित खालीवर केलं. आकडा ओठांवर आला होता. मग त्यांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं आणि ते थांबले.

"थांबा," ते म्हणाले. "आधी ते दुपटं काढा. बारदान निराळं मोजू."